वाळवंट पाहिले, विहीर आठवली

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मी कापडाचा व्यापारी. बी.कॉम. झालो आणि वडिलांच्या गादीवर बसलो. दिवसभर कापड मोजणे आणि रात्री रोकड जुळविणे, याखेरीज माझी विद्वत्ता नाही. परंतु प्रवासाची आवड असल्यामुळे ‘जगातील सुंदर वाळवंटे’ हा विषय संयोजकांनी माझ्याकडे सोपविला. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाळू आणि उंट येतात. वास्तविक, वर्षाकाठी साधारण २५० मिलिमीटरपेक्षा कमी वर्षाव होणारा प्रदेश म्हणजे वाळवंट. या हिशेबाने बर्फाच्छादित अंटार्क्टिका हे जगातील सर्वांत मोठे वाळवंट ठरते. आफ्रिकेतील सहारा सुमारे ९० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या पावणेतीन पट आहे. पण त्याचा जेमतेम पाव भाग वाळूचा, उरलेला खडकांचा आणि गोट्यांचा. दक्षिण अमेरिकेतील अटाकामामध्ये आकाश इतके निरभ्र की जगातील मोठमोठ्या दुर्बिणी तेथे उभारल्या आहेत. आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील नामिबमध्ये एक लहानसा भुंगेरा पहाटेच्या धुक्यात डोके खाली करून उभा राहतो. पाठीवर जमलेले दवबिंदू ओघळून त्याच्या मुखात जातात. एकेका थेंबावर जीव जगतो, हे तेथे उघड्या डोळ्यांनी दिसते.

परंतु आपले वाळवंट थरचे. आपल्यापैकी काही घराणी पिढ्यान्‌पिढ्या इथलीच, तर काहींचे पूर्वज मारवाडातून आले. आपल्या हिंगोलीचे त्या वाळवंटाशी नाते मात्र त्याहूनही जुने आहे. संत नामदेव महाराजांचे नर्सी आपल्याच जिल्ह्यातील. नामदेव आणि ज्ञानेश्वर तीर्थयात्रेला गेले असता मारवाडात तहानेने व्याकूळ झाले, अशी कथा तीर्थावळीच्या अभंगांत आहे. विहीर सापडली, पण पाणी फार खोल. ज्ञानदेवांनी योगसामर्थ्याने खाली जाऊन पाणी प्राशन केले आणि नामदेवांसाठीही आणण्याची तयारी दाखविली. नामदेवांनी पांडुरंगाचा धावा केला आणि विहीर काठोकाठ भरून वाहू लागली. चमत्कार मानावा की न मानावा, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. मला त्यातील एवढेच भावते की, त्या विहिरीचे पाणी मागून येणाऱ्या प्रत्येक वाटसरूलाही मिळाले असेल.

२०१७ च्या हिवाळ्यात आम्ही उभयता जैसलमेरला गेलो. रावळ जैसल यांनी ११५६ साली वसविलेले हे नगर पिवळ्या दगडाचे आहे आणि सूर्यास्ताला सोन्यासारखे झळाळते. किल्ल्यातील जिनमंदिरांचे कोरीव काम पाहताना दगड आहे की जाळीचे वस्त्र, असा प्रश्न पडतो. तेथील ज्ञानभांडारात ताडपत्रावरील ग्रंथ शतकानुशतके टिकले, त्यात कोरड्या हवेचाही वाटा आहे. पटवांच्या हवेल्या व्यापाऱ्यांनीच बांधल्या, हे पाहून माझ्यासारख्याची छाती अंमळ फुगलीच! सायंकाळी समच्या टेकड्यांवर गेलो. वाऱ्याने वाळूवर पाडलेल्या लाटा जणू मलमलीच्या चुण्या.

परंतु माझ्या मनात घर केले ते तेथील पाण्याच्या हिशेबाने. जैसलमेरचा पाऊस वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर. आपल्याकडे त्याच्या साधारण चौपट पडतो. ज्याची जमा तुटपुंजी, त्याचा खर्च चोख! चौदाव्या शतकातील गडीसर तलावाने त्या नगराला कित्येक शतके पाणी पाजले. ज्या मोकळ्या जमिनीवरून पाणी वाहून तलावात येते तिला ‘आगोर’ म्हणतात, आणि ती स्वच्छ राखण्याचा तेथे कडक रिवाज होता. पालीवालांनी ‘खडीन’ बांधले. उताराच्या तळाशी मातीचा बांध घालायचा, खडकाळ रानावरचे पाणी अडवायचे आणि ते मुरल्यावर त्याच ओलीवर हिवाळी गहू-हरभरा घ्यायचा.

एका वस्तीवर आम्ही पाणी मागितले. वृद्ध माउलीने अर्धाच पेला भरून दिला. माझ्या पत्नीने पिऊन उरलेले दोन घोट सवयीने बाजूला ओतले. माउली काही बोलल्या नाहीत. ओल्या झालेल्या वाळूकडे मात्र त्या पाहत राहिल्या. त्या रात्री आम्हा दोघांनाही नीट झोप लागली नाही.

बंधुभगिनींनो, आता एक कबुली देतो. आमच्या वाड्याच्या चौकात आड होता. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. अर्धी गल्ली त्याच आडावर पाणी भरत असे. आई पाणी गाळून घेई आणि गाळण्यावर राहिलेली जिवाणी अलगद त्याच आडात सोडी. ज्या पाण्यातील जीव, त्यांना त्याच पाण्यात पोहोचविले पाहिजे, हा तिचा नेम. १९९४ साली गोदाम वाढविण्यासाठी मी तो आड बुजविला आणि बोअर घेतली. आईने एकच विचारले, “जिवाणी आता कुठे सोडायची रे?” मी हसून वेळ मारून नेली. ती गेली २००३ साली. प्रश्न राहिला.

२०१६ चा उन्हाळा आपण सर्वांनी भोगला. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आमची बोअर फाल्गुनातच आटली. ज्या चौकातून गल्लीला पाणी जात होते, तेथे मी टँकरची वाट पाहत उभा होतो.

पुढे २०१९ मध्ये चिरंजीवांकडे दुबईला गेलो असता अल ऐन येथील खजुरांची राई पाहिली. ‘फलज’ नावाच्या जुन्या पाटांनी तेथे भूगर्भातील पाणी येते आणि प्रत्येक बागेला ठरलेल्या वेळेच्या पाळीने मिळते. मलिक अंबरने छत्रपती संभाजीनगरला खोदविलेली नहर याच जातकुळीची. परक्या वाळवंटात उभे राहून मला आपल्या मराठवाड्याची विद्या आठवावी, याची लाज वाटली.

२०२१ साली गोदामाची फरशी उखडून आड पुन्हा उपसला. चिरंजीवांनी जागेच्या भाड्याचे गणित मांडले, ते चूकही नव्हते. पण काही नोंदी रोजमेळीत मावत नाहीत. गच्चीवरचे पावसाचे पाणी वाळू-खडीतून गाळून आता त्यात सोडले आहे. पहिल्या वर्षी ते पौषापर्यंत पुरले. आता फाल्गुनापर्यंत टिकते. चैत्रात आजही टँकर लागतो, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पहिले पाणी आले त्या सकाळी पत्नीने ते गाळले आणि जिवाणी दोरीने हळूच खाली सोडली. सत्तावीस वर्षांनी आईला उत्तर मिळाले.

आपण अवश्य प्रवास करावा. वाळवंटाचे सौंदर्य पाहण्यासारखेच आहे. परंतु परतल्यावर प्रत्येकाने आपल्या वाड्यात, शेतात, दुकानामागे बुजविलेली एखादी विहीर आहे का, ते पाहावे. आपली कयाधू उन्हाळ्यात कशी दिसते, हे मी सांगायला नको. वाळवंट पाहायला जावे. ते आपल्या दारी बोलावू नये.