पाचव्या दिवशीची प्लेट

आजपासून ज्यांच्या नावाआधी 'डॉक्टर' लागणार आहे त्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

1982 साली मी इंटर्न होते. एका ऑपरेशनला रिट्रॅक्टर धरून टेबलापाशी उभी होते. टेबलावर एसटीचे एक ड्रायव्हर होते, पंचेचाळिशीतले. लहान आतड्याच्या सुरुवातीला, ड्युओडेनममध्ये, त्यांना अल्सर होता. आठ वर्षे ते रात्री दोन-अडीचला पोटात आग पडून जागे व्हायचे, उठून दूध प्यायचे, तासभर बरे वाटायचे आणि पुन्हा तेच. त्या दिवशी सर्जननी त्यांच्या जठराकडे जाणारी व्हेगस नस कापली आणि अन्न पुढे सरकावे म्हणून जठराला आतड्याची नवी वाट जोडून दिली. ऑपरेशन चांगले झाले. टाके सुकले, अल्सरही गेला. पण त्यानंतर जेवण झाले की त्यांना दरदरून घाम सुटे, छाती धडधडे, आडवे पडावे लागे. स्टिअरिंग सुटले ते सुटलेच.

वॉर्डात त्यांनी मला विचारले होते, "बाई, माझं नेमकं काय चुकलं?" मी सांगितले: जागरणं, अवेळी जेवण, तिखट, चहा, विडी आणि सततची काळजी. पुस्तकात तसेच होते आणि मी ते ठामपणे सांगितले. त्यांच्या पत्नी पलंगाशेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. पुढे तपासणीला आल्या तेव्हा म्हणाल्या, "आता घरात कुणीच तिखट खात नाही, पोरंसुद्धा." यातले विडीचे तेवढे खरे होते; धूम्रपानाने अल्सर भरायला वेळ लागतो. बाकीचा दोष मी त्या माणसाच्या माथी उगाच मारला. त्याला जंतुसंसर्ग झाला होता.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला, पर्थच्या रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये, या प्रश्नाचे उत्तर जंतू वाढवायच्या एका प्लेटवर उगवले. सुरुवात त्याच्या तीन वर्षे आधी झाली होती. तिथले पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन 11 जून 1979 रोजी, म्हणजे आपल्या बेचाळिसाव्या वाढदिवशी, जठराच्या अस्तराचा एक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. अस्तराच्या पृष्ठभागावर त्यांना एक निळसर रेघ दिसली. चांदीच्या क्षाराने स्लाइड रंगवल्यावर त्या रेघेत वाकडे, आखूड जंतू ओळीने चिकटलेले दिसले. जठरातल्या आम्लात जंतू तग धरूच शकत नाहीत, असे तेव्हा सगळे मानत. सहकारी म्हणाले, असे काही असते तर इतक्या वर्षांत कुणीतरी लिहून ठेवले नसते का? वॉरन यांनी वाद घातला नाही. ते पुढचा तुकडा पाहत राहिले, त्याच्या पुढचा पाहत राहिले आणि जिथे जठराला सूज तिथे हे जंतू, अशी नोंद करत गेले.

1981 मध्ये त्यांना बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर येऊन मिळाला. तेव्हा तो तुमच्यासारखाच शिकत होता, वय तिशीच्या आत. दोघांनी दुर्बिणीच्या तपासणीला आलेले शंभर रुग्ण ओळीने घ्यायचे ठरवले. त्यांच्या जठराचे तुकडे प्रयोगशाळेत जात, प्लेटवर पेरले जात आणि काहीच उगवत नसे. तीसहून अधिक प्लेट अशा वाया गेल्या. कारण साधे होते. नेहमीचे जंतू दोन दिवसांत वाढतात, म्हणून प्लेट अठ्ठेचाळीस तासांनी टाकून द्यायची असा प्रयोगशाळेचा रिवाज होता. एप्रिल 1982 मध्ये ईस्टरची सलग सुट्टी आली, प्रयोगशाळेत दुसऱ्या एका साथीच्या कामाची गर्दीही होती आणि एक प्लेट तशीच राहिली. पाचव्या दिवशी तिच्यावर बारीक, पारदर्शक ठिपके उगवलेले होते. जंतू आधीच्या तुकड्यांतही होता. तो सावकाश वाढणारा होता आणि त्याला लागणारे दिवस त्याला कुणी दिले नव्हते.

त्या शंभर रुग्णांत ड्युओडेनमचा अल्सर असलेले तेरा जण होते. तेराही जणांच्या जठरात हा जंतू सापडला.

पुढची गोष्ट तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. प्राण्यांवर प्रयोग जमेनात, म्हणून 1984 मध्ये मार्शलने जंतूंनी भरलेले द्रावण स्वतः प्यायले, काही दिवसांत त्याला उलट्या होऊ लागल्या, दहाव्या दिवशी दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यात सूज आणि जंतू दोन्ही दिसले. वर्गात शिकवताना आपण हीच गोष्ट रंगवून सांगतो. मला मात्र त्या पेल्यापेक्षा पाचव्या दिवशीची प्लेट मोठी वाटते. पेला पिणे एका क्षणाचे धाडस होते, आणि ते तुम्ही करू नये असेच मी सांगेन. ओळीने शंभर माणसे मोजणे, कुणालाही न वगळणे, हे महिनोन्‌महिन्यांचे काम होते, आणि ते तुमच्यातला प्रत्येक जण करू शकतो. ग्रीसमध्ये जॉन लिकूदिस नावाचे एक डॉक्टर 1958 पासून अल्सरवर प्रतिजैविके देत होते. त्यांचे रुग्ण बरेही होत. पण तुलनेसाठी दुसरा गट ठेवून केलेली मोजणी त्यांच्यापाशी नव्हती. त्यांना दंड झाला आणि त्यांचे म्हणणे त्यांच्याबरोबरच गेले. मला त्यांच्याबद्दल फार हळहळ वाटते.

मोजणी असूनही जगाला पटायला दहा वर्षे लागली. 1994 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने सांगितले की अल्सर आणि हा जंतू, म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी, दोन्ही असतील तर प्रतिजैविके द्या. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने हा जंतू जठराच्या कर्करोगाचे निश्चित कारण म्हणून नोंदवला. 2005 मध्ये वॉरन आणि मार्शल यांना नोबेल मिळाले. त्या दरम्यान व्हेगस कापण्याचे ऑपरेशन जवळजवळ थांबले होते. माझ्या ड्रायव्हर रुग्णाला आजच्या काळात दोन आठवड्यांच्या गोळ्या पुरल्या असत्या.

हा जंतू आम्लात जगतो कसा, हे तुमच्या आजीला समजावायचे असेल तर तिच्याच स्वयंपाकघरात जा. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लागला की डाग लाल होतो, कारण साबण अल्कली असतो. हळदीत चुना मिसळून कुंकू होते तेही याच गुणाने. हा जंतू युरिएज नावाचे विकर बनवतो, त्याने युरियाचा अमोनिया करतो आणि त्या अमोनियाच्या अल्कली कवचात बसून आम्ल परतवतो. दुर्बिणीच्या खोलीत आपण तांदळाच्या कणीएवढा तुकडा पिवळ्या जेलमध्ये टाकतो. तिथे हळद नसते, दुसरा रंग असतो, पण खेळ तोच. जंतू असेल तर तुकड्याभोवती गुलाबी कडा धरते आणि हळूहळू सगळे जेल गुलाबी होते. इतक्या वर्षांनंतरही ती कडा उमटताना मी बघत थांबते.

आता तुमच्या वाट्याला आलेल्या कामाकडे येते. जगातल्या निम्म्याच्या आसपास माणसांच्या जठरात हा जंतू राहत आला आहे. तो बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात लागतो आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. आपल्या देशात संसर्ग भरपूर, पण त्या मानाने जठराचा कर्करोग कमी. मिझोराममध्ये मात्र तो पुष्कळ. असे का, हे पूर्ण उलगडलेले नाही. तुमच्यातल्या कुणाला संशोधनाकडे जायचे असेल तर विषय दारातच आहे.

पण बहुतेक जण ओपीडीत बसाल. तिथे येणारा माणूस म्हणेल, "पित्ताचा त्रास आहे," आणि खिशातून गोळ्यांची अर्धी पट्टी काढेल. चार-पाच वर्षे तो सकाळी उपाशीपोटी तीच गोळी घेत असेल. ती आम्ल कमी करते, जळजळ थांबते, जंतू जागेवरच राहतो. शिवाय त्या गोळीमुळे तपासणीत जंतू लपू शकतो, म्हणून तपासणीआधी ती दोन आठवडे बंद ठेवावी लागते. सांधेदुखीच्या गोळ्या घेतो का, हेही विचारा. अल्सरचे दुसरे मोठे कारण तेच आहे.

उपचार चौदा दिवसांचा आहे आणि सोपा नाही. त्यातले क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक आपण सर्दी-खोकल्यासाठी इतके उधळले की पुष्कळ ठिकाणी त्याचा भरवसा राहिला नाही. आपल्याकडे मेट्रोनिडॅझोलचीही तीच गत आहे, जुलाब झाले की दोन गोळ्या घेऊन सोडून द्यायचे. क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारा हा जंतू जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये नव्या औषधांची तातडीने गरज असलेल्या जंतूंच्या यादीत घातला. म्हणून आता बिस्मथसह चार औषधांचा उपचार पुन्हा पुढे आला आहे. दिवसभरात मूठभर गोळ्या, तोंडाला कडवट धातूची चव आणि बिस्मथमुळे शौचाला काळे. रुग्णाला आधी सांगितले नाही तर तिसऱ्या दिवशी काळे शौच पाहून तो घाबरतो आणि औषध बंद करतो. माझ्याच हातून असे दोन-तीनदा झाले आहे. सांगायला एक मिनिट लागले असते, तेही मी दिले नव्हते. अर्धवट मारलेला जंतू दुसऱ्या वेळी त्या औषधाला दाद देत नाही.

आणि उपचार संपला, पोट शांत झाले, म्हणजे जंतू गेलाच असे समजू नका. जंतू खरेच गेला का हे तपासणे, ही आपल्याकडे सर्वांत जास्त गाळली जाणारी पायरी आहे. रुग्णाला बरे वाटते, आपल्याला गर्दी असते आणि कागद तिथेच मिटतो. रक्तातली प्रतिपिंडे जंतू गेल्यावरही कितीतरी महिने राहतात, तेव्हा रक्ताच्या तपासणीवर विसंबू नका. श्वासाची किंवा शौचातील अँटिजेनची तपासणी करा.

माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. चौदा दिवसांची चिठ्ठी लिहाल तेव्हा त्याच चिठ्ठीवर खाली पुढच्या तपासणीची तारीख लिहा, औषध संपल्यापासून किमान चार आठवड्यांनंतरची. ती तारीख रुग्णाबरोबर आलेल्या माणसालाही वाचून दाखवा. आणि त्या दिवशी रुग्ण आला नाही, तर त्याला फोन करा.