गव्हाणीतला राजा



नाताळच्या कथेतील गव्हाणी आपल्या परिचयाची आहे. परंतु ही कथा मुळात एका राजाच्या जन्माची आहे, हे सहसा ध्यानी येत नाही. 'ख्रिस्त' हे नाव नव्हे, पदवी आहे. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'अभिषिक्त'. इस्राएलात राजाला तेलाचा अभिषेक होत असे. मत्तय आपल्या शुभवर्तमानाचा आरंभच वंशावळीने करतो आणि येशूचे कूळ दावीद राजाशी नेऊन भिडवतो. जन्मगाव बेथलेहेम, तेही दाविदाचेच.

पूर्वेकडील मागी यरुशलेमेत येऊन यहूद्यांच्या नव्या राजाची चौकशी करतात, तेव्हा हेरोद दचकतो. ते साहजिकच होते. त्याचे राजपद इ. स. पूर्वी 40 मध्ये रोमच्या सिनेटने बहाल केलेले. दिलेले पद काढूनही घेता येते! ते राखण्यासाठी त्याने पोटच्या मुलांनाही ठार करविले.

बाळापाशी ना सैन्य, ना खजिना. पुढे तीच 'यहूद्यांचा राजा' ही पदवी पिलाताने त्याच्या क्रुसावर लावली. ख्रिस्ती श्रद्धेला राजेपण दिसते ते तेथेच. एकाने सिंहासनासाठी जीव घेतले, दुसऱ्याने लोकांसाठी जीव दिला. यांपैकी राजा कोणास म्हणावे, एवढाच प्रश्न आम्ही आपणांपुढे ठेवतो.