शून्य हिट, एक धाव
(युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



बेसबॉल मी कधी खेळलो नाही. तुमच्यातलाही कुणी खेळला नसेल. पण मी गोदीत गोणी वाहतो, आणि गोदीतल्या माणसाला मोजणी कळते. टॅली क्लार्कच्या वहीत गोणी किती उतरल्या ते असतं, कुणाच्या पाठीवरून उतरल्या ते नसतं. म्हणून आज एका मॅचच्या आकड्यांवर बोलतो.

तारीख 15 एप्रिल 1947. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचं एबेट्स फील्ड मैदान. ब्रुकलिन डॉजर्स विरुद्ध बोस्टन ब्रेव्ह्ज. डॉजर्सच्या फर्स्ट बेसवर 28 वर्षांचा जॅकी रॉबिन्सन. नंबर 42. कातडी काळी. त्याआधी साठ वर्षांहून जास्त काळ मेजर लीगमध्ये एक काळा माणूस घेतला नव्हता. तसा कायदा कुठं लिहिला होता? कुठंच नाही. मालकांचं आपसात ठरलेलं. न लिहिलेला कायदा किती पक्का असतो, ते तुम्हांला मी काय सांगायचं!

आता त्या दिवसाची नोंद वाचा. रॉबिन्सन : बॅटिंग 3 वेळा, हिट शून्य, धाव एक. पहिला फटका जमिनीलगत, आऊट. दुसरा हवेत, झेल. तिसऱ्या फटक्यावर तर एकदम दोघं आऊट. नुसती वही बघणारा म्हणेल, याला येतंय काय?

पण सातव्या इनिंगला डॉजर्स एका धावेनं मागं होते. स्टँकी बेसवर. रॉबिन्सननं बॅट आडवी धरून चेंडू हळूच ढकलला आणि जीव खाऊन पळाला. त्याच्या पळण्यानं समोरच्याची फेक चुकली. मग रायझरनं फटका हाणला, स्टँकी आणि रॉबिन्सन दोघंही घरी आले. आघाडीची धाव रॉबिन्सनची. डॉजर्स 5-3 जिंकले. ही चौथी खेप बॅटिंगच्या हिशोबात धरलीच नाही. पळणं त्याचं, वहीत नाव झालं फिल्डरच्या चुकीचं.

त्या हंगामात त्यानं .297 च्या सरासरीनं बॅटिंग केली. 29 बेस चोरले, लीगमध्ये सगळ्यांत जास्त. फिलाडेल्फियाच्या मॅनेजरनं भर मैदानात त्याच्या रंगावरून घाण शिव्या दिल्या. स्कोअरशीटवर शिव्यांचा रकाना नसतो, बाबांनो.

आणि जो त्या मैदानापर्यंत पोचलाच नाही त्याचं काय? जॉश गिब्सन. काळ्यांच्या निग्रो लीगमधला होमस्टेड ग्रेजचा कॅचर, आडदांड फटकेबाज. रॉबिन्सन उतरायच्या तीन महिने आधी, 20 जानेवारी 1947 ला, 35 व्या वर्षी मेला. 1975 पर्यंत त्याच्या कबरीवर नावाचा दगड नव्हता. 2024 साली मेजर लीगनं निग्रो लीगचे 1920 ते 1948 चे आकडे आपल्या नोंदीत घेतले. तेव्हा कळलं काय? गिब्सनची सरासरी .372. म्हणजे हजार वेळा बॅट घेऊन उभा राहिला, तर 372 वेळा हिट. टाय कॉबच्या .367 च्याही वर. मेल्यावर 77 वर्षांनी माणूस पहिला आला.

हे आकडे आले कुठून? मेजर लीगच्या कपाटातून नाही. ते छापून ठेवले होते काळ्यांच्या पेपरांनी, 'पिट्सबर्ग कुरियर'नं, 'शिकागो डिफेंडर'नं. कुरियरचा वेंडेल स्मिथ रॉबिन्सनबरोबर फिरायचा. गोऱ्यांच्या प्रेस बॉक्समध्ये त्याला जागा नव्हती, तर पब्लिकमध्ये बसून मांडीवर टाइपरायटर घेऊन लिहायचा. त्या जुन्या पेपरांतून अभ्यासकांनी एकेक मॅच उकरून काढली. ज्या मॅचेस कुणी छापल्या नाहीत त्या गेल्या. हिशोब अजून अपुरा आहे.

म्हणून माझं सांगणं एवढंच. आपल्या वस्तीत कोण काय करतो, कोण किती वाहतो, कोण कुठं मेला, ते तारखेसकट लिहून ठेवा. चार पानांचं का असेना, छापा. वही दुसऱ्याच्या हातात ठेवली की आपल्या नावापुढं शून्य पडतं, नाहीतर नावच पडत नाही.