हातातले कसब आणि कागदावरची नोंद



मी बँकेत लिपिक आहे आणि माझे शिक्षण कला शाखेचे. त्यामुळे मोबाईलच्या आतील यंत्ररचनेवर मी व्याख्यान देणार नाही. परंतु मोबाईल दुरुस्त करणाऱ्या आपल्या तरुणांच्या हातात कसब असूनही त्या कसबाची कोठे नोंद का नसते, आणि ती कशी होऊ शकेल, याविषयी चार शब्द बोलण्याची परवानगी घेतो.

भारतातील पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले. म्हणजे हा धंदा उण्यापुऱ्या तीस वर्षांचा. सुतारकी, लोहारकी किंवा चांभारकीप्रमाणे तो बापाकडून मुलाकडे आला नाही आणि त्याच्यावर कोणत्याही जातीचा शिक्का बसलेला नाही. ज्याचे हात स्थिर, नजर तीक्ष्ण आणि शिकण्याची तयारी, त्याला हा धंदा मोकळा आहे. आपल्या मुलांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही.

ही मुले शिकतात कशी? दुकानदाराच्या हाताखाली. आधी स्क्रू उघडायचे, मग डिस्प्ले बदलायचा, मग मल्टिमीटर लावून बोर्डावरचा शॉर्ट शोधायचा, आणि हात बसला की हॉट एअर गनने आयसी काढून नवा बसवायचा. मुंबईतील लॅमिंग्टन रोड, दिल्लीतील गफ्फार मार्केट यांसारखे बाजार हीच त्यांची शाळा. या शाळेत काम उत्तम शिकवले जाते, पण दाखला मिळत नाही.

काही गोष्टी मात्र या शाळेत राहूनही जातात. फुगलेली लिथियम बॅटरी टोचली गेली तर पेट घेते. अंगावरील स्थिर विजेने नाजूक भाग निकामी होतो, म्हणून मनगटाला अर्थिंगचा पट्टा लावावा लागतो. सोल्डरचा धूर वर्षानुवर्षे छातीत जाणे बरे नाही. गिऱ्हाइकाच्या फोनमधील फोटो व बँकेची माहिती ही त्याची ठेव आहे, तिला हात लावायचा नाही. आणि आयएमईआय क्रमांक बदलून देणे हा गुन्हा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहे. अजाणतेपणी एखादा मुलगा यात सापडला तर त्याचे आयुष्य बरबाद होईल. रीतसर प्रशिक्षणाची गरज आहे ती यासाठी.

आता दाखल्याविषयी. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत नव्याने शिकणाऱ्यांबरोबरच ‘पूर्वज्ञानाची मान्यता’ अशी एक सोय करण्यात आली. ज्याला काम आधीच येते त्याला पुन्हा महिनोन्‌महिने वर्गात बसवायचे नाही. थोडी उजळणी घ्यायची, कामाची परीक्षा घ्यायची आणि प्रमाणपत्र द्यायचे. दूरसंचार क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने हँडसेट दुरुस्तीचा अभ्यासक्रमही तयार केला. ज्यांना पहिल्यापासून शिकायचे आहे त्यांच्यासाठी आय.टी.आय.च्या व्यवसायांच्या यादीत स्मार्टफोन तंत्रज्ञाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. या योजनांचे नियम टप्प्याटप्प्याने बदलत आले आहेत, म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या वेळचे नियम केंद्रावर विचारून घ्यावेत.

कोणी विचारील, गिऱ्हाईक कुठे प्रमाणपत्र पाहते? बरोबर आहे. गिऱ्हाईक काम पाहते. पण बँक, कंपनीचे सेवा केंद्र आणि सरकारी कार्यालय कागद पाहतात. २०१५ सालीच आलेल्या मुद्रा योजनेत ५० हजार रुपयांपर्यंतचे कर्ज ‘शिशु’ गटात येते आणि त्याला तारण लागत नाही. त्यासाठी शिक्षणाचे प्रमाणपत्र प्रत्येकाला सक्तीचे नाही. परंतु अर्जदाराला त्या धंद्याचे ज्ञान वा अनुभव आहे काय, हे बँकेला पाहावे लागते. दहा वर्षे दुसऱ्याच्या टेबलावर बसून काम केलेल्या मुलाला हे तोंडी सांगावे लागते आणि तोंडी सांगणे फाइलला जोडता येत नाही. २०२३ साली आलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय घेतले, त्यांत मोबाईल दुरुस्ती नाही. तेव्हा या मुलांना आपली नोंद दुसऱ्या वाटेनेच करून घेतली पाहिजे.

येथे दोन इशारे देतो. पहिला विद्यार्थ्यांना. भिंतीवर चौकट लावलेले प्रत्येक प्रमाणपत्र सारखे नसते. खाजगी क्लासची भारी फी भरण्यापूर्वी तो अभ्यासक्रम राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेच्या नोंदवहीत आहे काय आणि प्रमाणपत्र कोण देणार, हे तपासा. दुसरा इशारा आपणा सर्वांना. उद्या कोणी म्हणेल, प्रमाणपत्र नाही तर दुकान बंद करा. त्याला आपण विरोध केला पाहिजे. कागदाअभावी माणसाला दाराबाहेर ठेवणे काय असते, हे आपल्या समाजाला कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही. प्रमाणपत्र दार उघडण्यासाठी हवे, लावून घेण्यासाठी नव्हे.

यात आपली संस्था काय करू शकेल? आपल्या वस्तीतील दुरुस्ती करणाऱ्या मुलांची यादी करावी. दिवसभर दुकान बंद ठेवले तर त्यांची रोजी बुडते, म्हणून उजळणीचे वर्ग संध्याकाळनंतर आपल्या सभागृहात भरवण्याची विनंती प्रशिक्षण केंद्राला करावी. परीक्षा मराठीतून व्हावी असा आग्रह धरावा. आधारकार्डावरील नाव आणि बँक खात्यावरील नाव जुळत नाही म्हणून अर्ज अडकतात, तेवढे पाहण्यासाठी आपल्यातील नोकरदारांनी रविवारचे दोन तास द्यावेत. माझे दोन तास मी आजच देऊन टाकतो. आणि या धंद्यात मुलींनाही आणावे. बारीक सोल्डरिंगला लागतो तो स्थिर हात, आणि तो मुलींजवळही आहे.

पदवी घेऊन नोकरीची वाट पाहणारा मुलगा आणि पदवीवाचून रोज कमावणारा मुलगा, दोघेही आपलेच आहेत. पहिल्याचा सत्कार आपण दरवर्षी करतो. दुसऱ्याची निदान नोंद तरी होऊ द्या, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.