शिकलेलें पोर परत आलें पाहिजे

विद्यालयाचा निरोपसमारंभ म्हणजे झगे, हार आणि टाळ्या, असेंच आम्हां खेड्यांतल्या मास्तरांसही वाटे. पण अमेरिकेंतील हॅम्प्टन विद्यालयाची हकीकत ऐका.

गुलामगिरींत जन्मलेला बुकर टी. वॉशिंग्टन १८७२ सालीं सुमारें ५०० मैलांची वाट, कांहीं पायीं, कांहीं गाडीनें, काटून तेथें गेला. रिचमंड शहरांत पैसे संपले, तेव्हां रस्त्याकडेच्या फळ्यांखालीं निजला. प्रवेशपरीक्षा कसली? एक खोली झाडणें! पुढें विद्यालयाची झाडलोट करूनच तो शिकला. १८७९ सालीं त्याच विद्यालयानें त्याला निरोपसमारंभांत माजी विद्यार्थी म्हणून भाषणास बोलाविलें. विषय होता ‘जिंकणारें बळ’. झाडू मारणारा हात मुलांनीं व्यासपीठावर पाहिला. पुढें १८८१ सालीं टस्कीगी येथील नवी शाळा त्याच्याच हातीं आली.

आमचें मागणें एवढेंच. तुमचें पोर शिकून मोठें झालें, तर त्याला एक दिवस गांवच्या शाळेंत उभें करा. हार नकोत. फी कशी भरली, कोणाच्या ओसरीवर अभ्यास केला, कोठें नापास झालें, तें त्यानें सांगावें. परक्या साहेबाच्या दहा भाषणांनीं जें होत नाहीं, तें शेजारच्या सुताराच्या पोराच्या एका भाषणानें होतें.