शेवटचा हप्ता फिटल्यानंतर

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



सभेत उभे राहून बोलण्याचा मला सराव नाही. शिलाईयंत्रावर बसून बोलण्याची सवय मात्र आहे, तेव्हा तुमच्यापैकी पुष्कळजणींनी यातले थोडेफार ऐकलेले असेल. चिटणीसबाई म्हणाल्या, "कर्ज कसे फेडले ते सांगा." मी म्हटले, त्यात सांगण्यासारखे काही नाही, पोटाला चिमटा घेतला आणि फेडले. कर्ज फिटल्यावर काय झाले ते सांगते. त्याबद्दल कोणी बोलत नाही, आणि आमचा पाय घसरला तो तिथेच.

इचलकरंजीत राहणाऱ्यांना यंत्रमागाची कहाणी नव्याने सांगायला नको. आमचे चार माग होते, मजुरीवर कापड विणून देत असू. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर मजुरी थकू लागली, आणि मार्च २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले ते थांबलेच. बँकेचे कर्ज, पतसंस्थेचे कर्ज, नणंदेच्या गहाण पडलेल्या पाटल्या आणि किराणा दुकानाची वही, असे चारी बाजूंनी देणे. २०२१ साली माग भंगारात विकले. इतकी वर्षे खडखडाटात झोपणारे आमचे घर, त्या रात्री शांततेमुळे कोणालाच झोप लागली नाही. हे दुसऱ्याच्या शेडमध्ये जॉबर म्हणून लागले, मी ब्लाउज आणि पिको-फॉल वाढवले. दोघांचे मिळून साडेबावीस हजार येत. त्यातले साडेनऊ हजार दर महिन्याच्या ७ तारखेला हप्त्याला जात, आणि उरलेल्या तेरा हजारांत पाच माणसांचे घर चाले.

फेब्रुवारी २०२३ मध्ये शेवटचा हप्ता गेला. नणंदेच्या पाटल्या तिच्या हातात घातल्या तेव्हा मी रडले. ती हसत होती.

आता गंमत ऐका. मार्च महिन्यात साडेनऊ हजार जास्तीचे हाताशी असायला हवे होते. महिनाअखेर पाहते तो डबा रिकामा! एप्रिलमध्येही तेच. मोठे म्हणावे असे काही घेतले नव्हते. मी हिशेबाची वही काढली. मिक्सर दुरुस्तीऐवजी नवा आला होता, एका लग्नात अहेर जरा भारी केला होता, दोनदा बाहेर जेवलो होतो, मोबाइलचा महागडा पॅक मारला होता. प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणाले होते, "आता कर्ज फिटले ना!" ते कोणीतरी पुष्कळदा मीच होते.

त्या रात्री मी यांना म्हटले, "हप्ता बंद करायचाच नाही." हे दचकले. म्हणाले, "अगं, आता कोणाला द्यायचा?" मी म्हटले, "आपल्यालाच." बँकेला ७ तारखेला न चुकता दिले, ताप असताना दिले, दिवाळीत दिले. सावकाराला भिऊन जे जमले ते स्वतःसाठी का जमू नये? मे २०२३ पासून पुन्हा ७ तारीख सुरू झाली. सहा हजार वेगळ्या बचत खात्यात, दोन हजार पोस्टाच्या आवर्ती ठेवीत, आणि दीड हजार घरखर्चात वाढवले. बचत खात्यात सहा महिन्यांचा घरखर्च, म्हणजे ७८ हजार, साठेपर्यंत हात लावायचा नाही असे ठरले.

पोस्टाचे आकडे विचारणाऱ्या पुष्कळ भेटतात, म्हणून सांगून टाकते. आवर्ती ठेव पाच वर्षांची असते आणि महिना शंभर रुपयांपासून उघडता येते. मी खाते उघडले तेव्हा दर शेकडा ६.२ होता, ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ६.७ झाला. सरकार दर तीन महिन्यांनी दर ठरवते, पण उघडताना जो असेल तोच पाचही वर्षे मिळतो. ६.७ ने महिना हजार भरले तर पाच वर्षांत आपण साठ हजार भरतो आणि सुमारे ७१ हजार हाती येतात. थोडेच वाटते ना? आता उलट बाजू पाहा. तेच साठ हजार महिना तीन रुपये शेकड्याने घेतले तर महिन्याचे व्याज अठराशे. पाच वर्षांत एक लाख आठ हजार नुसते व्याज, आणि मुद्दल जागच्या जागी. पोस्ट आपल्याला श्रीमंत करते असे मी म्हणत नाही; ते सावकाराच्या दारापासून दूर ठेवते.

ते मला जानेवारी २०२४ मध्ये समजले. संक्रांतीनंतर सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. मनगट मोडले, प्लेट घालावी लागली. खर्च ४६ हजार सांगितला. ऐकल्याबरोबर माझ्या मनात सवयीने नावे फिरू लागली, कोणाकडे मागायचे, कोणाचे आधीचे किती ऐकून घेतले आहे. मग आठवले, खात्यात नऊ महिन्यांचे ५४ हजार आहेत. दवाखान्याच्या बाकावर बसून मी ते पासबुक तीनदा उघडून पाहिले. पैसे भरले आणि आठ हजार उरले. सासूबाई घरी आल्यावर पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "कुणाचे किती घेतलेस?" मी म्हटले, "कुणाचेच नाही, आई." त्यांना ते दोन दिवस खरेच वाटले नाही.

इथे थांबले असते तर भाषण छान झाले असते. पण पुढचे सांगितले नाही तर खोटे होईल.

आठ हजार पाहून मला भीती बसली. पुन्हा ७८ हजार लवकर उभे करायचे म्हणून मी घराचा फास आवळला. किराणा रोखीने घेत होते, ते ठीकच होते. उधारीच्या वहीवर दर बोलता येत नाही की दुकान बदलता येत नाही. वर्षाची ज्वारी आणि गहू उन्हाळ्यात भरले, चटणी घरी केली, तेही ठीक. पण मी दूध कमी केले. यांचा चहा दोनवरून एकावर आणला. मुलीने केसांचा चाप मागितला तर तिला कर्जाच्या दिवसांची गोष्ट सांगितली. कर्ज असताना मी "नाही" म्हणत असे तेव्हा माझा आवाज हळू असे. आता तो मोठा झाला होता.

डिसेंबर २०२४ मध्ये मुलीचे दप्तर धुवायला काढले. आतल्या कप्प्यात शाळेच्या सहलीची चिठ्ठी होती. प्रतापगड, बाराशे रुपये. पैसे भरायची तारीख कधीच उलटली होती. मी विचारले, "दाखवली का नाहीस?" ती म्हणाली, "तू नाहीच म्हणणार होतीस." रागाने नव्हे हो, अगदी साधेपणाने, जसे आपण म्हणतो की आज पाणी नाही येणार. बाईंना तिने सांगितले होते की मला गाडी लागते.

त्या दिवशी बचत खात्यात ६८ हजार होते, आणि माझी मुलगी बाराशे रुपयांसाठी खोटे बोलली होती.

तेव्हापासून माझ्या वहीत एक रकाना वाढला आहे. त्याला मी "हौस" असे नाव दिले आहे. महिन्याला सहाशे रुपये. ते शिल्लक पडले तर ठेवीत टाकायचे नाहीत, पुढच्या महिन्याच्या हौसेतच जायचे, आणि कशावर खर्चायचे हे माझ्याखेरीज बाकीच्यांनी ठरवायचे. हे दुसरा चहा पिऊ लागले. सासूबाईंनी एकदा सर्वांना भेळ खाऊ घातली. मुलगी मात्र अजून काही मागण्यापूर्वी माझ्या तोंडाकडे पाहते. ती सवय जायला वेळ लागेल असे दिसते.

जाता जाता भिशीबद्दल थोडे बोलते, रागावू नका. बाराजणींची हजाराची भिशी असली तर पहिल्या महिन्यात जिला बारा हजार मिळतात तिला ते बिनव्याजी कर्ज असते, आणि शेवटचीची ती बिनव्याजी बचत. मैत्रिणी भेटतात म्हणून मीही भिशीत आहे. पण एखादी मध्येच देईनाशी झाली तर पैसे आणि मैत्रीण दोन्ही जातात, म्हणून सगळी शिल्लक तिथे नको. पतसंस्थेचेही ध्यानात ठेवा. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकेतल्यासुद्धा, फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येकीच्या पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण मिळाले; पतसंस्थेतल्या ठेवी त्या विम्यात येत नाहीत. फलकावर काय लिहिले आहे ते नीट वाचावे, मगच पैसे ठेवावेत.

"आम्हाला यातले कळत नाही" असे म्हणणाऱ्या भगिनींना मी म्हसवडच्या बायकांचे सांगते. माण तालुक्यातल्या त्या कष्टकरी बायकांनी चेतना सिन्हा यांच्याबरोबर बँक काढायचे ठरवले, तेव्हा सभासदांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून परवाना नाकारला गेला. बायका अक्षरे शिकल्या आणि परत गेल्या. व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमच्या माणसांनी करून पाहावा, असे त्यांनी अधिकाऱ्यांना बजावले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. आपण तर भाजीवाल्याशी रोज तोंडी हिशेब करतो.

माझी वही मी आज बरोबर आणली आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी चहाच्या वेळी पाहावी. एप्रिल २०२३ चे पान मुद्दाम पाहावे, त्यात हसण्यासारखे पुष्कळ आहे. येत्या ७ तारखेला साडेदहाला मी पोस्टात जाणार आहे. खाते उघडायचे असेल त्यांनी आधारकार्ड, पॅनकार्ड आणि दोन फोटो घेऊन माझ्याकडे यावे. आपण मिळून चालत जाऊ, म्हणजे रिक्षाचे पैसेही वाचतील.