नदीकाठचा चिखल कुणाचा?



आज सकाळी आपण येरवड्याच्या बाजूला मुळा-मुठेच्या काठावर उभे होतो, तेव्हा अनेकांनी नाकाला रुमाल लावला होता. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी याच काठच्या वस्तीत वाढले आणि कितीतरी वर्षं या नदीला ‘नाला’च म्हणत होते. धरणातून पाणी सोडलं की ती घरात शिरायची. एरवी तिच्याकडे पाठ करूनच आम्ही जगत होतो.

पुढे शिक्षिका झाले. एका फाल्गुनात शाळेतल्या मुलांना इथल्या डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्याकडे घेऊन आले. एका मुलीनं विचारलं, “मॅडम, हा पक्षी दिवाळीनंतर पाहिला तेव्हा मळकट होता. आता पिवळा कसा झाला?” मला उत्तर येत नव्हतं. ते शोधता शोधताच मी पक्षी पाहायला लागले.

तो पिवळा धोबी होता. हिवाळा आपल्याकडे काढून उत्तरेला परतण्याआधी त्याला नवी पिसं येतात. दिवस मोठा होऊ लागला की त्याच्या शरीराला निघायची वेळ कळते. मग तो भरपूर खाऊ लागतो आणि अंगात चरबी साठवतो. तीच त्याची प्रवासाची शिदोरी. जेमतेम वीस ग्रॅमांचा जीव, पण जायचं असतं हजारो किलोमीटर. ज्या चक्रवाकाला आपण ब्राह्मणी बदक म्हणतो, ते लडाख-तिबेटकडे आणि त्याही पलीकडे जातं. पळस-सावरीच्या फुलांवर कलकलाट करणाऱ्या भोरड्या मध्य आशियात जाऊन पिल्लं वाढवतात.

धोबी, तुतवार यांच्यासारख्या पक्ष्यांना ही शिदोरी कुठे मिळते? उथळ पाण्यात आणि काठच्या चिखलात. तिथल्या अळ्या, किडे, गोगलगायी हेच त्यांचं जेवण. आपण ज्याला घाण म्हणून नाक मुरडतो, त्यात त्यांचं ताट वाढलेलं असतं.

पण इथे एक गैरसमज नको. “पक्षी येतात, म्हणजे नदी चांगली आहे,” असं काही जण म्हणतात. तसं नाही. लांब लाल पायांचे शेकाटे आज आपण ढिगानं पाहिले. सांडपाण्यात वाढणाऱ्या अळ्यांवर ते मजेत जगतात. त्यांची गर्दी म्हणजे नदीच्या तब्येतीचा दाखला नव्हे. म्हणून पक्षी किती एवढंच मोजून भागत नाही, कोणते हेही लिहावं लागतं.

आता मुद्द्याचं बोलते. आपल्या शहरात सुमारे 44 किलोमीटर नदीकाठ सुधारण्याचा प्रकल्प सुरू आहे. काठावर फिरायला जागा हवी, हे मलाही पटतं. आमच्या वस्तीतल्या बायकांना संध्याकाळी घटकाभर बसायला तरी कुठे जागा आहे? पण काठ सरळ, उंच आणि दगडी झाला, की उथळ पाणी जातं, चिखल जातो आणि शिदोरीही जाते. पुराला पसरायला लागणारी जागाही तीच असते. तेव्हा आपलं म्हणणं एवढंच : आधी सांडपाणी थांबवा, आणि जिथे पक्षी उतरतात तिथला काठ मोकळा ठेवा.

हे म्हणणं ऐकून कोण घेणार? सालिम अलींची गोष्ट आठवा. 1896 साली मुंबईत जन्मलेल्या या मुलानं लहानपणी एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि त्या प्रश्नानं त्याचं आयुष्य बदललं. पुढे अलिबागजवळच्या किहीमला त्यांनी सुगरणीची घरटी दिवसेंदिवस पाहिली आणि पाहिलेलं लिहून ठेवलं. त्यांचा शब्द वजनदार ठरला तो या नोंदींमुळे.

सर्वेक्षणात नाव नसलं की घर असूनही नसल्यासारखं होतं, हे आपल्या वस्त्यांना कुणी शिकवायला नको. पक्ष्यांचंही तसंच आहे. नोंद नसेल, तर उद्या कुणीही म्हणेल, “इथे काही नव्हतंच.”

म्हणून एप्रिल संपेपर्यंत दर रविवारी, त्याच जागी, एक तास. तारीख, वेळ, पक्षी, संख्या. एखादा पक्षी दिसला नाही, तर तेही लिहायचं. ज्यांच्याकडे मोबाईल आहे त्यांनी ई-बर्डवर यादी टाकावी, बाकीच्यांना वही पुरेल. पक्ष्याचं नाव आलं नाही तर रंग लिहा, पाय कसे ते लिहा. नाव आपण मिळून शोधू.

पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला. दुर्बीण एकच आहे, आळीपाळीनं पाहू. आणि हो, रुमाल आणला तरी चालेल.